एक्केचाळीस रिकाम्या जागा

आलेख सत्ताविसाव्या पानावर होता. तोपर्यंतची पानं मोजणीबाईने भराभर उलटली होती, या पानावर तिचा हात थांबला. आडव्या रेषेवर बंधाऱ्याखालच्या पाण्याची पातळी होती, उभ्या रेषेवर एका सकाळी जाळ्यात आलेल्या माशांची संख्या. पाणी वाढेल तसे मासे वाढत गेले होते. दोन मीटर साठ सेंटिमीटरच्या पुढे मात्र सगळे ठिपके तळाला होते. शून्यावर, एका ओळीत, पट्टी ठेवून मांडल्यासारखे.

तिने ते मोजले. एक्केचाळीस.

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेअकराला बैठक होती, तिथे मोजणी, गणित आणि बांधकाम या तिन्ही गटांच्या सह्या पुऱ्या व्हायच्या होत्या आणि दोनच्या आत अहवाल बंधारे खात्याकडे जायचा होता. अहवाल तिच्या हातात त्याच सकाळी पडला होता. आधी का नाही, तर छपाईला उशीर झाला म्हणे.

संस्थेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. तिचं शिक्षण माशांच्या प्रजननाचं, पण दोन वर्षं तिने मोजण्याचंच काम केलं होतं. हंगामात रोज पहाटे ती बंधाऱ्यावर जायची. भिंतीच्या पायथ्याशी काँक्रीटची एक अरुंद पायवाट होती, तिथून ती आणि तिचा मामा जाळं सोडायचे. तासाभराने उचलायचे, मासे मोजायचे, परत सोडायचे. मामा म्हणजे आईचा सख्खा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षं तो या बंधाऱ्याच्या दारांवर राखणदार होता. पाणी दोन मीटर साठच्या वर गेलं की पायवाट बुडायची. अशा दिवशी खाली उतरायचं नाही, असं संस्थेचंच सुरक्षेचं पत्र होतं. त्या दिवशी तिने तक्त्यात आकडा लिहिला नव्हता. जागा रिकामी सोडून शेजारच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पायवाट पाण्याखाली, जाळं लावता आलं नाही.’ दोन हंगामांत असे दिवस आले एक्केचाळीस.

तिने पान उलटलं. पुढचं वाक्य ठळक अक्षरात होतं. ‘पातळी दोन मीटर साठच्या वर गेल्यावर माशांची हालचाल पूर्ण थांबते. सबब मासेवाटेचं दार या पातळीला आपोआप बंद व्हावं.’

मासेवाट म्हणजे भिंतीला लागून बांधायच्या पाण्याच्या टाक्या, पायऱ्यांसारख्या एकीवर एक. प्रत्येक टाकीतून उडी घेत मासा वर जाणार आणि वरच्या उथळ पाण्यात अंडी घालणार. बंधारा झाल्यापासून ती वाट बंद होती. या सगळ्या प्रकल्पाचा उद्देशच तो होता. आणि चढणीचा मासा पाण्याच्या जोरावरच निघतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. म्हणजे मासे येणार तेव्हाच दार लागणार. अंडी पोटात घेऊन ते बंद दारावर आपटत राहणार, आणि हे दार तिच्या आकड्यांच्या आधाराने, तिच्या सहीने बसणार.

तळपायाची आग मस्तकात गेली. ती जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेली.

आलेख काढणारा गणिती आपल्या खोलीत सफरचंद कापत होता. फळ्यावर अर्धं पुसलेलं समीकरण होतं, खिडकीत वाळलेली कुंडी.

“या मोजणीबाई, बसा. फोड घेणार?”

“हे एक्केचाळीस शून्य कुठून आले?”

त्याने पान पाहिलं. “तुमच्या तक्त्यातून.”

“माझ्या तक्त्यात शून्य नाही. माझ्या तक्त्यात काहीच नाही.”

“तेच म्हणतोय. रिकाम्या जागा होत्या. रिकामी जागा आली की संगणकाची आज्ञावली अडते. मग शून्य भरले.”

“शेजारी कारण लिहिलं होतं.”

“शेरे मी वाचत नाही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात लाज नव्हती. रोजची सवय सांगावी तसं सांगितलं. “शेरे मोजता येत नाहीत.”

“अहो, तुमच्या घरचा फोन कुणी उचलला नाही म्हणून घरात माणसंच नाहीत असं धरता का तुम्ही?”

त्याने सुरी खाली ठेवली, संगणकाकडे वळला आणि दोन मिनिटं काही शोधत राहिला. मग पडदा तिच्याकडे फिरवला. चौदा महिन्यांपूर्वीचं त्याचं पत्र होतं. ‘रिकाम्या जागांमुळे काम अडतं आहे. त्या भरून पुढे जातो. चालेल ना?’ खाली तिचं उत्तर. सकाळी सहा बावन्नची वेळ, एकच शब्द. ‘चालेल.’

तिला ती सकाळ आठवली नाही. आठवण्यासारखं काही नव्हतंच. ओले हात, जाळ्यात गुंतलेला मासा, खिशातून काढलेला फोन. कशाने भरणार, हे तिने विचारलं नव्हतं. आता राग दोन दिशांना वाटला गेला, पण कमी झाला नाही.

“मी विचारलं होतं,” गणिती म्हणाला.

“अर्धंच विचारलं होतं. आणि मी तेवढंही वाचलं नाही. पण एक सांगा. एक्केचाळीस दिवस, एकही मासा नाही. तुम्हाला काहीच खटकलं नाही?”

“थोडं नवल वाटलं. पण आलेख इतका स्वच्छ आला होता...”

ती बाहेर पडली. जिन्यात उभं राहून तिने मामाला फोन लावला. मामा नेहमी म्हणायचा, पाणी चढलं की मासा भिंतीवर नाचतो. ती हसून सांगायची, मामा, मी मोजते तेवढंच लिहिते.

“मामा, पाणी चढतं तेव्हा मासे येतात, याचं काही लेखी आहे का रे तुझ्याकडे?”

“लेखी? अगं माझं सगळंच लेखी असतं. शिंकलो तरी नोंद करावी लागते इथे.”

“काय लिहितोस पण?”

“पाणी किती, दारं किती उघडली. आणि पाणी उतरलं की साफसफाई.” पानं उलटल्याचा आवाज आला. “हे बघ. ‘पायवाट साफ केली. गाळ, काटक्या, मेलेले मासे दोन टोपल्या.’ पुढचं, ‘मासे तीन टोपल्या.’ उड्या मारतात, वाट बुडालेली असते तिच्यावर पडतात, आणि पाणी उतरलं की तिथेच राहतात.”

“मग मला कधी दिसले कसे नाहीत?”

“तू यायच्या आत काढून टाकायचो ना. वाट बुळबुळीत होते. तू घसरली असतीस तर ताईने मला उभा सोलला असता.”

तिने नाकातून जोरात श्वास सोडला.

“रडतेस का गं?”

“नाही रे मामा. संतापलेय. दोन्ही हंगामांच्या वह्यांचे फोटो काढ आणि पाठव. आत्ता.”

साडेअकराला बैठकीच्या खोलीत चौघं होती. लांब टेबलाच्या टोकाला प्रकल्पप्रमुख, त्यांच्या समोर अहवालाची सहीची प्रत. उजवीकडे मासेवाटेची रचना करणारा अभियंता. गणिती आणि मोजणीबाई समोरासमोर. बांधकाम आणि गणित या दोन ओळींवर सह्या झालेल्या होत्या. तिसरी ओळ तिची.

तिने तीन मिनिटांत सगळं सांगितलं. स्वतःच्या त्या ‘चालेल’सकट.

“चूक झाली,” प्रमुख म्हणाले. “मान्य. आज मागे जाता येणार नाही. तळटीप टाकू.”

“सर, दार लोखंडाचं आहे. ते तळटीप वाचत नाही.”

अभियंता हसला. “मोजणीबाई, आता खरं सांगू? दार उघडं राहिलं तर पुराबरोबर ओंडके आत शिरतात आणि टाक्या फुटतात. ते बंद कसं ठेवायचं हीच मला काळजी होती. तुमचे शून्य आले आणि मी म्हटलं, देव पावला.”

“माझे नव्हेत ते शून्य. तुम्हाला संशय नाही आला?”

“मला कशाला येईल? मला काँक्रीट कळतं. मासे तुमचे.”

“सोयीचं उत्तर मिळालं की कुणालाच काही विचारावंसं वाटत नाही. त्याला स्वच्छ आलेख हवा होता, तुम्हाला बंद दार. मासे कुणालाच नको होते.”

“आवाज,” प्रमुख म्हणाले. “एक उपाय आहे. ते एक्केचाळीस दिवस काढून टाकू. मग तर तुमचं समाधान?”

“म्हणजे मग दोन साठच्या वर मासे येतात असा पुरावा उरत नाही,” अभियंता लगेच म्हणाला. “पुरावा नाही, तर दार बंद. माझ्या आराखड्यात एक रेघही बदलावी लागत नाही.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. शून्य ठेवलं तरी दार बंद, काढलं तरी दार बंद. तिने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि मामाच्या वहीची पानं एकेक करून दाखवली. तारीख, पातळी, टोपल्या.

प्रमुखांनी चष्मा लावला, काढला. “ही राखणदाराची झाडलोटीची वही आहे.”

“हो.”

“टोपली हे एकक नाही.”

मग गणितीने फोन स्वतःकडे ओढला. पहिल्यांदाच तो शेरे वाचत होता. एक पान, दुसरं पान, बोटाने मोठं करून.

“टोपली केवढी आहे?” त्याने विचारलं.

“त्याचा इथे काय संबंध?” प्रमुख म्हणाले.

“एकक नसेल, पण हे शून्य नाही. एका टोपलीत एकच मासा असला तरी माझं वाक्य खोटं ठरतं.” तो अभियंत्याकडे वळला. “आणि तुमचं दारही.”

“माझं दार तुमच्या सहीवर उभं आहे,” अभियंता म्हणाला.

गणिती आपल्या सहीकडे पाहत राहिला. ती त्याने खोडली नाही.

प्रमुखांनी अहवालाची प्रत मोजणीबाईकडे सरकवली, वर पेन ठेवलं. “हे बघा, तुमच्या नेमणुकीची मुदत या महिन्यात संपते आहे. वाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे. मी धमकी देत नाही, परिस्थिती सांगतोय. तुम्ही अडून बसलात तर तिन्ही गटांचं दोन वर्षांचं काम पाण्यात जाईल.”

“काम पाण्यात जावं म्हणूनच तर होतं सर.”

“सही करा.”

तिने पेन उचलून बाजूला ठेवलं, प्रत फिरवली आणि ती गणितीच्या पुढ्यात सरकवली. तिसऱ्या ओळीवर बोट टेकवलं.

“ही जागा रिकामी आहे. मी सोडलीय. हिच्यात तुम्ही काही भरायचं नाही.”

ती उठली. पाठीमागे अभियंता ‘मासळीबाजार झाला हा’ असं काहीतरी म्हणाला. ती दारातून परत आली. “बाजारात निदान मासा बघून घेतात,” ती म्हणाली आणि गेली.

दोन वाजता अहवाल गेला नाही. तीन सह्यांशिवाय खातं तो दाखल करून घेत नव्हतं. महिन्याच्या अखेरीला तिच्या मुदतवाढीचा कागद प्रमुखांच्या टेबलावर तसाच राहिला. तिने खण रिकामा केला, जाळं आणि गमबूट मात्र परत केले नाहीत. कुणी मागितलेही नाहीत.

त्यानंतर सहाव्या दिवशी पाणी दोन मीटर नव्वदवर गेलं. दुसऱ्या दिवशी उतरलं. सकाळी सातला मामाचा फोन आला. “वाट मोकळी झालीय. तू म्हणालीस तसं, हात लावलेला नाही. सांभाळून उतर.”

ती पोचली तेव्हा गणिती बंधाऱ्यावर आधीच उभा होता. कधी यायचं ते त्याने तिला विचारलं नव्हतं. वहीच्या फोटोवर राखणदाराच्या खोलीतल्या फोनचा क्रमांक होता, त्यावर त्याने मामालाच विचारलं होतं. पायांत त्याचे रोजचे काळे बूट होते. ती त्याला ओलांडून पुढे गेली.

पायवाट पाहून ती पायरीवरच थांबली. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मासे पडले होते. काहींची पोटं फुटून अंडी काँक्रीटवर वाळली होती. दोन वर्षं ती याच वाटेवरून चालली होती, आणि वाट दर वेळी धुतलेली असायची.

“हे असं दर वेळी?” गणितीने विचारलं.

“हे कमीच आहे,” मामा म्हणाला. “साहेब, बूट काढा, पडाल. टोपली ही. भरायचं काम माझं, मोजायचं हिचं. तुम्ही काय करता?”

“मी लिहितो.”

“मग लिहा. आणि दिसेल तेच लिहा.”

टोपलीत त्रेसष्ट मासे मावले. दुसरीत एकोणसाठ. तिसरी अर्धी भरली, तीस. गणिती दगडावर वही ठेवून बसला आणि मामाच्या जुन्या वह्यांतल्या एक्केचाळीस तारखा एकाखाली एक उतरवू लागला. प्रत्येकीपुढे टोपल्या. मोजणीबाई हात न धुताच त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

एकोणिसाव्या तारखेपाशी तो थांबला. “इथे काहीच नाही.”

“त्या तीन दिवशी मी रजेवर होतो,” मामा म्हणाला. “बदलीच्या माणसाने झाडलोट लिहिली नाही. केली की नाही, तेही माहीत नाही.”

गणितीचं पेन त्या जागेवर आलं आणि तिथेच राहिलं. तिने नजर हलवली नाही. पेनाचं टोक कागदापासून बोटभर वर होतं. मग ते आडवं सरकलं, शेरा लिहायच्या रकान्यात गेलं आणि त्याने लिहिलं, ‘राखणदार रजेवर, नोंद नाही.’

तो खालच्या ओळीवर गेला. तरीही ती तिथून हलली नाही. अशा जागा अजून दोन होत्या.