मात्राबाबाचा अठराचा आकडा

शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. टॅक्सीवाले, टेम्पोवाले, दुधाची गाडी हाकणारा, सगळे एका उघड्या बॉनेटवर असे वाकले होते की आत जणू बाळंतपण चाललंय. सगळ्यांत पुढे माझा थोरला. मी शिकले दोन इयत्ता, पण गर्दी कुठे शहाणी असते आणि कुठे नुसतीच दाट, एवढं मला कळतं.

मधे उभा होता मात्राबाबा. पूर्वी हा भंगारातल्या गाड्या फोडायचा. आता पांढरा डगला चढवून गाड्यांच्या कॉम्प्युटरला उपदेश करतो. पडदा लावून इंजिनावरचे चार इंजेक्टर काढायचा, म्हणजे पेट्रोल फवारणारे बोटाएवढे नळ, आणि स्वतःचे ‘सिद्ध केलेले’ चार बसवायचा. मग कॉम्प्युटरच्या डबीवर तळवा ठेवून डोळे मिटायचा. गाडी खोकायची, काळा धूर ओकायची. बाबा म्हणायचा, ही गाडीची हाव बाहेर पडतेय. त्याच्या स्वतःच्या हावेचा धूर कधी दिसला नाही.

दोन दिवसांत गाडी शांत व्हायची आणि काचेमागचा आकडा चढायचा. लिटरला चौदा दाखवणारी आमची व्हॅन अठरा दाखवू लागली. अठरा! थोरल्याने घरी येऊन पाणी प्यायच्या आधी तो आकडा सांगितला.

बाबाची पथ्यं तीन. टाकी कधी काठोकाठ भरायची नाही, रोज थोडं थोडं घालायचं. पेट्रोलच्या काट्यावर आणि दिव्यावर काळी पट्टी चिकटवायची, कारण काटा म्हणजे शंका. आणि कृपा मोजायची नाही, मोजली की आटते. माझ्या खानावळीत भांडी घासणारीनेही एकदा अशीच अट घातली होती, की साबण मोजू नका. तिला मी दुसऱ्या दिवशी नारळ दिला.

पण इथे मी गप्प बसले, ती माझी चूक. घरात आधीच ताण होता. यांची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा छप्पन्न किलोमीटरवर रक्त धुवायला न्यावं लागतं आणि थोरलाच नेतो. बापासाठी पोरगा स्वतःची कामं सोडून धावतो, त्याच्या एका आनंदावर कुठे पाणी ओतायचं, असं वाटलं.

मग तो मंगळवार आला. टाकी जवळपास कोरडी होती, थोरल्याने सात लिटर घातलं. अठरा सत्ते एकशे सव्वीस, जाऊन येऊन झालं की, असा त्याचा हिशेब. परतीच्या वाटेवर, घर चौदा किलोमीटर राहिलं असताना, गाडी बंद पडली. रक्त धुऊन आलेलं माणूस म्हणजे पिळलेलं फडकं. भर उन्हात दोन तास. घरी आणलं तेव्हा यांचे ओठ पांढरे होते आणि मला ओळखायला यांना वेळ लागला.

थोरला बाबाकडे धावला. परत आला तो खाली मान घालूनच. बाबाने निदान केलं होतं की गाडीत शंकेखोर माणूस बसतो, म्हणून मात्रा उलटली.

“आई,” तो म्हणाला, “काही दिवस बाबांना दुसऱ्या कुणाच्या गाडीने नेऊ या का?”

हे पलीकडे खाटेवरच होते. ऐकलं त्यांनी. भिंतीकडे तोंड केलं.

चोराने घर फोडलं तर भिंत बांधता येते, पण या मात्राबाबाने पोराच्या मनात बाप अपशकुनी करून ठेवला होता.

यांनी तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या आहेत. मी इंजिनातली तेलाची पट्टी काढून त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी हुंगली. म्हणाले, “तेलात पेट्रोल उतरतंय. नळ मोठे बसवलेत त्याने.” मग मला अडेल तिथे थांबत समजावलं. कॉम्प्युटर पेट्रोल मोजत नाही, नळ किती वेळ उघडला ते मोजतो. नळ मोठा, म्हणून तेवढ्याच पेट्रोलला कमी वेळ लागतो. कॉम्प्युटर म्हणतो, वा, कमी प्यायलो.

मी म्हटलं, अहो, ही तर माझी पळी! खानावळीत एकदा पळी बदलून मोठी आणली. स्वयंपाकीण खुशीत सांगू लागली, तेल वीस पळ्यांऐवजी पंधराच लागतं. डबा मात्र त्याच दिवशी रिकामा व्हायचा.

गुरुवारी मी शेडमध्ये सगळ्यांसमोर व्हॅनची टाकी गळ्यापर्यंत भरायला लावली. यांना पुढे बसवलं, मी मागे. थोरला चुळबुळला. मी म्हटलं, “चल. शंका माझ्याकडे जास्त आहे, गाडी अडली तर माझ्यामुळे अडेल.”

जाऊन येऊन एकशे बारा किलोमीटर. आकडा अठराच. म्हणजे सहा लिटर आणि वर थोडं लागायला हवं. शेडमध्ये परतल्यावर मी लिटरचं माप हातात घेतलं. सहा ओतले, टाकीत खळखळ खोलच. सात. टेम्पोवाला पुढे सरकला. आठवा ओतला तेव्हा पेट्रोल गळ्याशी आलं. आठ! म्हणजे तेच जुने चौदा.

बाबा म्हणाला, “काकू, मोजलंत म्हणून आटलं.”

“मग न मोजता मंगळवारी कसं आटलं रे?”

प्रत्येकजण आपापल्या गाडीतली काळी पट्टी आठवत होता.

हे दाराशी टेकून बोलले, आवाज बारीक, पण शेड ऐकत होती. मोठे नळ बसवणं गुन्हा नाही. मोठ्या ताकदीच्या इंजिनाला लागतातच. पण बसवले की कॉम्प्युटरला त्यांचं नवं माप द्यावं लागतं, मग धूर नाही आणि आकडाही खरा. “वायर याच्याकडे आहे, लॅपटॉप आहे. माप तेवढं मुद्दाम घातलं नाही. घातलं असतं तर चमत्कार कुठून दाखवला असता?” पहिल्या दोन दिवसांचा खोकलाही बाबाचा तळवा थांबवत नव्हता. धुरांड्यातला सेन्सर जास्त पेट्रोल ओळखतो आणि कॉम्प्युटर आपला आपण नळ लवकर मिटायला शिकतो.

तरी दोघे टॅक्सीवाले बाबाच्या मागे गेलेच. आकडा गोड होता, सोडवेना.

थोरल्याने जुने नळ बसवले, तेल बदललं. शनिवारी यांना न्यायला आला, दार उघडून उभा राहिला. यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण पूर्वीसारखा भार टाकला नाही. ते मी पाहिलं. आठ लिटरांनी बाबा खोटा पडला, ‘दुसऱ्या गाडीने’ हे वाक्य मात्र कुठल्याच मापाने परत घेता येत नाही.

म्हणून सांगते. जो तुम्हाला मोजू नका म्हणतो, त्याच्यासमोर माप घेऊन बसा. विचारा, तपासा, आणि घरच्या माणसावर बोट ठेवण्याआधी ते करा. नंतर केलं तर खरं कळतं, पण उशिरा.