सरूबाईच्या पेशीवरचा लगाम

मित्रांनो, मी एक जुना लगाम आहे, पण घोड्याचा नव्हे. रक्तातल्या एका सैनिक पेशीच्या अंगावर मी असतो. आम्हांला ग्राही प्रथिने म्हणतात. पेशीबाहेर हात काढून आम्ही निरोप धरतो आणि आत पोचवतो. माझे काही भाऊबंद 'लढ' सांगतात. मी 'थांब' सांगतो.

माझी पेशी मूळची दिंद्रुडच्या सरूबाईची. लेक पोटात असताना आईच्या थोड्या पेशी बाळात उतरतात, काही तिथेच राहतात. तशी ती तिच्या लेकीच्या, पंचशीलाच्या अंगात आली. लढाईत पेशी चवताळली की सरूबाईच्याच जनुकांच्या जुन्या साच्यातून मला पुन्हा घडवते. लहानपणी पंचशीलाचा गोवर बरा झाला, तेव्हा कौतुक लढणाऱ्यांचे झाले. थांबवणाऱ्याची आठवण कुणी काढली नाही.

यंदा सरूबाई गेली. पुण्यानुमोदनाचा विधी उरकला तरी पंचशीला घडीभर बसेना, धड जेवेना. मग ताप छातीत उतरला. आम्ही लढलो, जंतू मेले. पण सैनिक थांबेनात. ते तिच्याच फुप्फुसावर तुटून पडले. तिला श्वास पुरेना. बीडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आता हिचीच फौज आवरायला हवी. त्यांनी औषध सुरू केले.

उशाशी सरूबाईची सोबतीण मंजुळामावशी बसली होती. पाण्याच्या टँकरवरची भांडणे सांगत होती.

"तुझी माय एवढीशी, पण बायांच्या मधी जाऊन उभी राहायची. 'बास झालं, पाणी सांडायलंय,' एवढंच म्हणायची. माझ्या हातची तर घागरच काढून घ्यायची."

"तूच भांडायचीस म्हण की," पंचशीला म्हणाली, आणि हसता हसता खोकली.

"मीच. आता तू बी बास कर, बाई. नीज."

ती निजली. फुप्फुसाच्या पेशींनी 'थांबा'चा निरोप घेऊन हात पुढे केला. तो मी धरला आणि माझी पेशी शांत झाली. एकट्याने काय होणार? शेजारी पंचशीलाच्या पेशींवरचे लगामही ओढले गेले. त्यांचाही साचा निम्मा सरूबाईचाच. औषधाने साथ दिली. हळूहळू श्वास मोकळा झाला. तिने भाकरी मागितली.

मित्रांनो, लढणाऱ्याला शाबासकी जरूर द्या. पण दमलेल्याला जेवू घाला, निजू द्या. थांबायलाही बळ लागते.

सरूबाई गेली, असे गाव म्हणते. मी अजून कामावर आहे.