थंडोबांच्या खिशातला फ्यूज

वीज गेली की लोक खिडकीतून डोकावून बघतात, आपलीच गेली की सगळ्यांची. या घरात तसली भानगड नव्हती. इथे वीज गेली की आधी थंडोबांचा खिसा तपासायचा. बहुतेक वेळा ती तिथेच सापडायची.

थंडोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जन्मभर फ्रीज, एसी, बर्फाची यंत्रं आणि थंड खोल्या यांची देखभाल केली, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. स्वभाव मात्र नावाच्या बरोब्बर उलटा. एखादं गिऱ्हाईक "जरा लवकर आटपा" म्हणालं, की पाना खाली ठेवून ते त्याच्याकडे असे बघत बसायचे की तो बिचारा स्वतःच चहा करायला पळायचा. घरात त्यांना सगळे आबा म्हणत.

आबांची एक शिस्त होती. यंत्राला हात लावण्याआधी नुसतं बटण बंद करून ते कधी थांबले नाहीत. बोर्डावरचा चिनीमातीचा फ्यूज उपसायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. ते म्हणायचे, "बटणाला काय, येणारा-जाणारा कोणीही हात लावतो. फ्यूज माझ्या खिशात आहे. आता दाबा, किती दाबायचं ते!"

त्यांचा मुलगा विजेला इतका भ्यायचा की टॉर्चचे सेलसुद्धा बायकोकडून बदलून घ्यायचा. विद्या घेतली ती सुनेने. लग्न होऊन आली, पहिल्याच उन्हाळ्यात सासऱ्यांच्या मागे पिशवी धरून उभी राहिली, आणि बघता बघता पिशवी सासऱ्यांच्या हातात गेली अन् पाना हिच्या. यंत्रात हात सुनेचा, फ्यूज आबांच्या खिशात, अशी वाटणी ठरली. "तू वाकतेस, खिशातून पडेल. मी बाहेर बसतो, माझ्याकडे राहू दे," असं त्यांचं म्हणणं. आतला हात मोकळा झाल्याचं सुनेने स्वतः येऊन सांगितल्याशिवाय तो फ्यूज खिशातून निघत नसे. एकदा एका हॉटेलमालकाने त्यासाठी आरडाओरडा करून दुकान डोक्यावर घेतलं, तरी आबा खिशावर हात ठेवून ढिम्म बसून राहिले.

आणि मग गेल्या वर्षापासून त्यांची आठवण गळायला लागली. फ्रीजमधला गॅस गळतो ना, तशी. आवाज नाही, काही नाही, एक दिवस हात आत घातल्यावर कळतं की गारवा कमी झालाय.

पण हात थोडेच विसरतात? सकाळी उठले की घरच्या फ्रीजसाठी म्हणून अख्ख्या घराचाच फ्यूज खिशात घालायचे, फ्रीजची मागची जाळी फडक्याने लख्ख पुसायचे, आणि मग अंघोळीला गेले की गेले. दूध नासलं. दळणाचं यंत्र मध्येच थांबलं. मुलगा दाढी करत होता, अर्धी दाढी झाल्यावर मशीन बंद पडलं, आणि तो तसाच, अर्धा साधू अर्धा संसारी, बापाच्या खिशात हात घालून उभा राहिला. हसावं की रडावं कळेना, म्हणून सगळे हसले.

शेवटी सुनेनेच यावर तोडगा काढला. रोज सकाळी, पोराला पाढे घोकवावेत तसं ती त्यांच्याकडून म्हणून घ्यायची, "आबा, खिशात फ्यूज सापडला की काय करायचं?"

"लगेच जागेवर लावायचा."

"शाब्बास!"

आणि खरं सांगायचं तर म्हातारबाबा शिकले. घरातली वीज टिकायला लागली. सुनेला आपल्या अकलेचं मोठं कौतुक वाटलं.

नवऱ्याचं म्हणणं निराळंच. "घरात ठीक आहे गं. पण कामावर नको नेऊस त्यांना. काही झालं म्हणजे?"

"काय होतंय? घरात बसवलंत तर चार दिवसांत माणूस भिंतीशी बोलायला लागेल. माझ्याबरोबर येतात तेव्हा बघा एकदा, कसे ताठ चालतात."

नणंद लांबच्या शहरातून फोनवर शेळ्या हाकायची, तीही हेच म्हणायची. सून कोणालाच बधली नाही. आबांना बरं वाटतं हे खरंच होतं. पण त्यांच्याशिवाय यंत्र उघडायचं म्हटलं की तिचाच हात पुढे होत नसे, हेही तितकंच खरं. हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही, नणंदेला तर नाहीच नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर फुलवालीची थंड खोली साफ करायची होती. दरवर्षीचंच काम. फुलवाली म्हणजे अखंड बडबड. "या थंडोबा, या! खोली गार होते हो, पण पूर्वीसारखी नाही. गुलाब माना टाकतात दुपारी."

"माना टाकतील नाही तर काय! मागे किती धूळ साठवलीय!" आबा कडाडले. स्वारी रंगात होती. त्यांनी बटण बंद केलं, फ्यूज उपसला, खिशात टाकला, वरून थोपटला आणि बोर्डाखालच्या स्टुलावर बैठक मारली. सुनेने ते डोळ्यांनी पाहिलं आणि निर्धास्त मनाने मागच्या बोळात गेली.

बाहेरच्या यंत्राची जाळी काढली तर आत नुसता गालिचा! धूळ, पाकळ्यांचा चुरा, दोऱ्याची तुसं, सगळं पत्र्याच्या बारीक पात्यांवर थापून बसलेलं. असल्या धुळीतून वारा जायचा कुठून आणि गुलाबांनी मान धरायची कशी? मोठ्या पंख्याच्या दोन पात्यांमधून कोपरापर्यंत हात घालून ती ब्रशने पाठीमागचा मळ ओढू लागली. पुढून आबांचा आवाज येत होता. फुलवालीला ते कुठल्याशा बर्फाच्या कारखान्याची गोष्ट सांगत होते. मग आवाज थांबला. गिऱ्हाईक आलं असेल, असं तिला वाटलं.

एका कोपऱ्यातला मळ सुटेना. ब्रश तिथेच पंख्याच्या पात्यांत अडकवून तिने पाण्याची बाटली घ्यायला हात बाहेर काढला.

खाट् असा आवाज झाला आणि पंखा फिरला. ब्रशाचा दांडा तुटून भिंतीवर आपटला आणि तिच्या पायाशी येऊन पडला. पंखा आपला फिरतोय, झकास, नव्यासारखा. ती बाटली हातात धरून नुसती बघत राहिली.

मग ती धावली. आबा बोर्डापाशी उभे होते, चेहऱ्यावर हे एवढं समाधान.

"लावला बरं का सूनबाई, बटणही दाबलं. खिशात राहिला होता. तू म्हणतेस ना, सापडला की लगेच लावायचा?"

"कित्ती लक्ष असतं हो यांचं!" फुलवाली म्हणाली.

सुनेने ओरडायचं कोणावर? धडा तिनेच घोकवला होता. तिने बटण बंद केलं, फ्यूज काढला आणि कसंबसं म्हणाली, "बरं केलंत आबा. बसा तुम्ही. माझं थोडं राहिलंय."

पण आबा बसले नाहीत. तिच्या तोंडाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. भिंतीला धरत धरत ते तिच्यामागून बोळात आले. उघडी जाळी पाहिली. खाली वाकून तुटलेला दांडा उचलला. बराच वेळ तो हातात फिरवत उभे राहिले. कित्येक दिवसांत आली नव्हती अशी जुनी, लखलखीत जाग त्यांच्या डोळ्यांत आली.

"हात दाखव."

"काही झालं नाही हो आबा. माझा हात बाहेर..."

"दाखव म्हणतो ना!"

तिने दोन्ही हात पुढे केले. काळे, ओले, मळाने भरलेले. आबांनी एकेक बोट धरून पाहिलं, पेरापेराला दाबून पाहिलं, बाळंतीण नवं मूल निरखते तसं. सगळी बोटं जागच्या जागी आहेत अशी खात्री पटल्यावरही त्यांनी तिचे हात सोडले नाहीत. ते रडत होते. सुनेने त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही.

"जन्मभर लोक म्हणायचे, थंडोबाच्या खिशात फ्यूज असतो," ते म्हणाले. "फ्यूज कसला? माणसाचा हात असायचा तो. आता खिसा चाचपला तर कोणाचा हात आहे, तेच आठवेना गं मला."

"चूक माझी आहे आबा. मीच तुम्हाला..."

"गप बस. काम पुरं कर."

तिने काम पुरं केलं, फ्यूज स्वतःच्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून. आबा पाच हातांवर, तिच्या हातांवरून नजर न काढता उभे. सगळं धुऊन झालं, जाळी बसली, यंत्र सुरू झालं. खोलीने हळूहळू गारवा धरला. फुलवालीने गुलाबांच्या बादल्या आत ढकलल्या आणि दोघांनाही चहाचा आग्रह केला. आज नको, म्हणून ती दोघं निघाली.

रस्त्यात आबा एकदम थांबले.

"सूनबाई, उद्यापासून मी येत नाही कामाला."

वर्षभर नवऱ्याशी, नणंदेशी, सगळ्या जगाशी ती याच एका गोष्टीसाठी भांडली होती. "असं कसं आबा, या की" हे शब्द अगदी ओठांवर होते. तिने मान खाली घालून आपल्या हातांकडे पाहिलं.

"बरं आबा," ती म्हणाली.

आबा पिशवी या हातातून त्या हातात घेत चालू लागले.

"बरं केलंस," ते म्हणाले. "'या' म्हणाली असतीस, तर आलो असतो मी."