आखाजीचा खुनी

“मर ना पटकन! उजेड चालना!” योगराज ओरडला.

सीन मध्यरात्रीचा होता, म्हणूनच उजेड हवा होता. लायटी आमच्याकडे कुठून असणार? कॅमेऱ्याच्या काचेवर निळा कागद चिकटवून, सुरतेजवळच्या कडोदऱ्यामागच्या उसात योगराज भर दुपारी रात्र करायचा. मी विळ्याचा वार खाऊन कोसळलो. सिनेमात पहिला मरणारा मीच, तेवढाच माझा मोठेपणा.

मारणारा धुडकू. माझ्याच गावचा, माझ्याच लूमखात्यातला, म्हणजे साड्या विणायच्या कारखान्यातला कारागीर. झुरळ दिसलं तर खाटेवर चढणारा माणूस. पण डोक्यावर गोणपाट ओढून तो उसातून बाहेर आला, की मीही मागे सरकायचो. धावणाऱ्या भुतापेक्षा सावकाश चालत येणारं भूत जास्त भिववतं, ही अक्कल योगराजची. एरवी हा पोरगा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा, नवरदेवाच्या मामाला फेटा सावरायला सांगायचा. गोष्टही त्याचीच. आखाजीला ज्याला शेठने गावी सोडलं नाही, तो कामगार खात्यातच मरतो आणि दर आखाजीला विळा घेऊन येतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ही आमच्या खानदेशची दिवाळीच. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, घरोघरी आमरस. अशा सणात मुडदे पाडायचे म्हणजे छातीच पाहिजे. मला तर त्या पोराच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटायचं.

धुडकू गोणपाटात घामाने निथळत राहिला तो फक्त एका सीनसाठी. शेवटी खुनी गोणपाट काढतो आणि त्याचं तोंड दिसतं. कॅसेट आखाजीला आमच्या गावात लागणार होती. ऐन लगीनसराईत साड्यांची मागणी, त्यामुळे शेठ धुडकूला रजा देत नव्हता. गेल्या दोन आखाज्या त्याने आईला तोंड दाखवलं नव्हतं.

“माय माले देखी ना रे?” तो रोज विचारायचा.

“टीव्ही भरीसन दिखशी,” योगराज म्हणायचा.

शेवटच्या दिवशी रक्त कमी पडलं. कुंकवाचं पाणी संपलं होतं. आमचा लोटू साड्या रंगवायच्या मिलमध्ये कामाला. त्याने तिथला लाल रंग डबाभर आणला आणि काकवीत कालवला. रक्त असं जमलं, की बघून मलाच घेरी आली. तो डबा धुडकूच्या डोक्यावर ओतला आणि त्याने गोणपाट काढलं. रंग आतपर्यंत झिरपला होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसतं लालभडक, ना नाक कळे, ना गाल. साबण झाला, रॉकेल झालं, चिंच झाली. साड्यांचा पक्का रंग तो, धुतल्याने जाईल कसा? कॅमेरा तर संध्याकाळी लग्नाला जायचा होता. योगराजने डोळे पुसले आणि तसाच सीन घेतला.

धुडकू कुणावर चिडला नाही. “राहू दे भाऊ,” म्हणाला, “सिनेमा पुरा व्हयना ना.” पुढे कितीतरी दिवस लाल तोंडाने लूम चालवत राहिला. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी मात्र आजोबांना पुन्हा एकदा मारून रजा काढली आणि कॅसेट घेऊन गावी गेलो. आखाजीच्या दुपारी आमच्या ओसरीला गोधड्यांचे आडोसे बांधून अंधार केला. बाया झोके सोडून आल्या. धुडकूची आई, अनुसयाबाई, सर्वांत पुढे बसली.

उसातून गोणपाटवाला निघाला. बाया किंचाळल्या, पोरं पदरात घुसली. माझं मरण पाहून तर माझीच बायको मोठ्याने ओरडली. अनुसयाबाई तेवढी हलली नाही.

“डरू नका वं,” ती म्हणाली. “मना धुडकू शे तो. डावा पाय कसा टाकस देखा. धाकला व्हता तवय काटा भरना व्हता.”

मग त्याच्या हडकलेल्या पायांकडे बघत हळूच म्हणाली, “दुबया व्हयी गया माय.”

त्यानंतर ओसरीत कुणाला नीट ओरडता येईना. शेवटी ते लाल तोंडही येऊन गेलं. म्हातारीला त्यात काही सापडलं नसावं. सिनेमा संपल्यावर ती माझ्याजवळ आली.

“भाऊ, परत लाव. मारस ते नको. तो चालस ना, तितलंच लाव.”

मी कॅसेट मागे फिरवली. उसातून धुडकू पुन्हा सावकाश चालत आला. या वेळी कुणी किंचाळलं नाही. त्याला वाट द्यावी, तशा बाया दोन्हीकडे सरकून बसल्या.