बाकी

आईने टेबलफॅनचं तोंड स्वतःकडून फिरवून संगणकाकडे केलं आणि रुमालाने मान पुसली.

"त्याला घाम आलाय का?" लेकीने विचारलं.

"महिनाभर राबतोय बिचारा. तू राबून दाखव."

निवृत्त झाल्यापासून गणिताच्या या बाईंना मूळ संख्यांचा नाद लागला होता. दोनाला दोनाने लाखो वेळा गुणत जायचं, आलेल्या अवाढव्य संख्येतून एक वजा करायचा आणि उरलेली संख्या मूळ आहे का, ते पाहायचं. अशा संख्या जगभरचे हौशी लोक वाटून घेत.

"पण एवढ्या मोठ्या संख्येला भागून बघायचं तरी कशाकशाने?"

"भागून नाही गं बघायचं. चारापासून सुरुवात. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, तपासायच्या त्या संख्येने भागून बाकी ठेवायची. पुन्हा वर्ग. असं लाखो वेळा. शेवटी बाकी शून्य आली तर मूळ, नाहीतर नाही."

"आणि नसली, तर भाग कशाने जातो?"

"ते नाही कळत. जातो, एवढं मात्र नक्की."

"म्हणजे घरात चोर शिरलाय हे पक्कं, पण कोण ते देवाला ठाऊक!"

आई खळखळून हसली. मग लेकीच्या नव्या भाषांतराची पानं तिच्यापुढे सरकवत म्हणाली, "तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य लंगडतंय. खूण केलीय. बाकी छान."

लेकीने पानं पिशवीत कोंबली. तिला बस गाठायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

घर रिकामं करायला भावंडं आली, तेव्हाही संगणक घरघरत होता. दादाने प्लगला हात घातला.

"दादा, नको. थोडंच राहिलंय. मूळ निघाली तर आईचं नाव होईल."

दादाने हात मागे घेतला. "अगं वेडे, ही संख्या आधीच कुणीतरी तपासलीय. मूळ नाही असंच आलंय. आई दुसरी तपासणी करायची. नेहमी तेवढीच."

"म्हणजे तिला काही सापडणारच नव्हतं?"

"मीही तेच म्हटलं होतं. तर म्हणे, शोधायला सगळेच धावतात. धावणाऱ्याचं बरोबर आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला नको?"

लेकीने संगणकापुढे खुर्ची ओढली. दादाने तिच्याकडे एकदा पाहिलं, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि ते उचलून खाली गेला.

दुपार कलता कलता घरघर मंदावली. पडद्यावर लांबलचक बाकी उमटली. शून्य नव्हती. खाली एक ओळ आली: आधीच्या उत्तराशी जुळते.

कुठल्याशा गावात, आईने कधी न पाहिलेल्या एका माणसाचं गणित पक्कं झालं होतं. लेक ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. आजवर छापून आलेलं तिचं एकही पान आईच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडलं नव्हतं. आईने मात्र ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीनेही नाही.

"आई," ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या खोलीत स्वतःच्याच आवाजाने ती दचकली, पण थांबली नाही. "तू वाचायचीस ना, म्हणून मला लिहायची कधी भीती वाटली नाही. फार उपकार आहेत गं तुझे."