‘हाड’ म्हणायचं गाणं

"चुकलं!"

प्रमोदिनीबाई बाकावरनं उठून ओरडल्या, तशी जे. पी. नगरच्या त्या चर्चमधली बारा गाणारी माणसं एका दमात गप झाली. पेटीवाल्या रत्नाकरचा हात हवेतच राहिला. बाई मराठीत ओरडल्या होत्या आणि ती बारा माणसं कन्नड होती, पण ओरडणं सगळ्यांना कळलं.

"आई, काय चुकलं?" शंतनु म्हणाला. "सूर बरोबर, शब्द बरोबर."

"शब्द बरुबर? आन् हाड हाड कुठं ग्येलं?"

शंतनु खाली बघायला लागला. कारण ते त्यानंच खोडलं होतं.

महिन्यामागं त्याचा बाप, सूर्यकांत उजागरे, गावाकडं वारला, आणि शंतनुनं आईला इकडं आपल्या घरी आणलं. नेवाशाकडचं माळावरचं गाव, तीन एकर कांदा, आणि दगडमातीचं एक चर्च. पाळक तालुक्याहून महिन्यातनं एकदा यायचे. बाकीचे रविवार सूर्यकांताचे. तोच लोखंडी रुळाचा तुकडा बडवून माणसं गोळा करायचा, तोच उपदेश करायचा, तोच पेटी वाजवायचा, आणि शेवटी सतरंजी झटकून घडी घालायचाही तोच. घरीही तीच तऱ्हा. बाई खुरपायला गेल्या की पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून हा पेटी घेऊन बसायचा. शंतनु त्या पाळण्यात वाढला. गाणं थांबलं की पाळणा थांबायचा, पाळणा थांबला की पोर बोंब ठोकायचं, म्हणून बापानं एका गाण्याला एकवीस कडवी रचली.

तर त्या चर्चला दार नव्हतं. सूर्यकांतानं त्यावरच गाणं केलं:

दार तुझं उघडं बापा, आलो मी उपाशी,
घे मला पोटाशी.

गाण्याला गावचं एक पिवळं कुत्रं भुललं. ‘उपाशी’ म्हटलं की ते आत शिरायचं. सूर्यकांताचे दोन्ही हात पेटीवर, मग तो तालात म्हणायचा, "हाड, हाड!" आणि पुढची ओळ घ्यायचा. मंडळी भाबडी. त्यांना वाटलं गाण्यातच आहे, तीही म्हणायला लागली. पुढं कुत्रं मेलं, चर्चला सागवानी दार बसलं, पण हाड हाड काही हललं नाही. लग्नात म्हटलं, बारशाला म्हटलं. सूर्यकांताला मातीत ठेवताना दीडशे माणसांनी रडत रडत तेच म्हटलं.

"शंत्या, तुला बापाची लाज वाटती?" बाईंनी विचारलं.

"बापाची नाही. हाडची वाटते." शंतनुचा आवाज चढला. "नगरच्या होस्टेलात मी हे गाणं म्हटलं, आई. चार वर्षं पोरं माझ्यावर भुंकत होती. जेवायला बसलो तरी भुंकायची! इथं रविवारी बापाच्या आठवणीच्या उपासनेला माझ्या ऑफिसची माणसं येणारेत."

"मग त्यास्नी घरीच ऱ्हाऊ दी. हाड काढलं तर ह्ये दुसऱ्याच कुणाचं गाणं हाये. म्या दुसऱ्याच्या नवऱ्यासाठी कामून रडू?"

रत्नाकरनं शंतनुच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारीण कृष्णाबाईंकडं बघितलं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चामराजपेटेतलं, मराठी घरात आणि कन्नड दारात. गाणं कन्नड अक्षरात त्यांनीच उतरवून दिलं होतं. शंतनु मध्ये पडायच्या आत त्या गाणाऱ्यांना कन्नडात सांगून गेल्या, "बरं, जरा थांबा. अक्का म्हणतात, मधी ‘हाड, हाड’ म्हणायचं."

बाराही तोंडं उजळली. "हाडु! हाडु!" रत्नाकरनं छातीवर हात ठेवला, डोळे मिटले.

"ह्यास्नी काय झालं?" बाई दचकल्या.

कृष्णाबाईंनी पदर तोंडावर धरला. "अक्का, कन्नडात हाडु म्हणजे गा. त्यांना वाटतंय, देव म्हणतोय, गा, गा!"

"कुत्र्याला?"

"कुत्र्याचं नका काढू आता."

रविवारी चर्च भरलं. गावाकडनं कोणी येऊ शकलं नव्हतं, कांदा काढणीला आलेला. पुढच्या बाकावर सून सुखदा, शंतनु, बाई. मागं ऑफिसची माणसं. गाणं सुरू झालं. ‘उपाशी’ आलं, आणि बारा जणांनी तान्ह्या बाळाला थोपटावं तसं हळुवार म्हटलं, "हाडुऽ, हाडुऽ." दोन बायकांनी डोळे पुसले.

बाईंना बसवेना. "आवं, आसं म्हनल्यावर कुत्रं मांडीवर यिऊन बसंल!" आणि त्या उभ्या राहिल्या, उजवा हात दाराकडं फेकला, "हाऽऽड!"

चर्च दणाणलं. आणि त्यांच्या कानामागनं दुसरं हाड आलं, जाड, खरखरीत, थेट सूर्यकांताच्या गळ्यातलं. त्यांनी वळून बघितलं. शंतनु उभा होता, मानेच्या शिरा ताणून, डोळ्यांतनं धारा. मग बारा जण, मग सगळी मंडळी, मग ऑफिसची माणसंसुद्धा दाराकडं हात फेकत ओरडायला लागली. फाटकावरचा वॉचमन काठी घेऊन आत डोकावला आणि तसाच मागं सरकला.

उपासना सुटल्यावर इथले पाळक आले. बाईंचे दोन्ही हात धरून मोडक्या हिंदीत म्हणाले, "आपके पति बहुत बड़े आदमी थे. पूरी ज़िंदगी सबको बोले, गाओ, गाओ. अब हम हर संडे गाएँगे."

शंतनुनं खरं सांगायला तोंड उघडलं. बाईंनी त्याचं मनगट दाबलं.

"नगं सांगूस," त्या पुटपुटल्या. "जलमभर त्ये हाड म्हनून हाकलीत व्हते, पोरा. आज पयल्यांदा कुनाला तरी वाटलं, बोलवत्यात."