बाण कोणाच्या हातात

घरचा कॉम्प्युटर ऑफिसात बसून चालवता येतो, हे मी प्रेसमध्ये इतक्या वेळा मिरवलं होतं की, औषधाच्या खोक्याची दुरुस्त केलेली फाइल घरीच राहिली म्हटल्यावर मालक ओरडलेसुद्धा नाहीत. "मग आण की इथूनच," एवढंच म्हणाले आणि माझ्या खुर्चीमागे येरझारा घालू लागले. मागच्या खेपेला त्या खोक्यावर गोळीची ताकद चुकीची छापली गेली होती, माझ्याच हातून. आज पुन्हा घोळ झाला तर नोकरी गेली, हे त्यांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं. छपाईचं मशीन तयार उभं होतं.

मी घरचा स्क्रीन उघडला. त्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला, म्हणजे बाबा बसले होते तर. मी माउसचा बाण फाइलकडे नेला. बाण थबकला आणि उलटा पत्त्यांकडे गेला. मी ओढला, त्यांनी ओढला. टीव्हीच्या रिमोटवरून घरी रोज होते तीच झोंबाझोंबी, फक्त शहराच्या दोन टोकांना बसून.

फोन लावला. पण घरी एकटे असले की बाबा कानातलं यंत्र काढून ठेवतात. फोन बिचारा वाजून वाजून गप्प झाला. तेवढ्यात बाण कॉम्प्युटर बंद करायच्या बटणाकडे निघाला. हे मीच पढवलं होतं: "बाबा, बाण आपोआप हलायला लागला तर समजा चोर शिरला. सरळ बंद करून टाकायचं." एवढा आज्ञाधारक विद्यार्थी नेमका माझ्याच वाट्याला यावा!

घाईघाईने कोरं पान उघडून मी लिहिलं, 'बाबा, मी आहे.'

बाण थांबला. एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत उत्तर आलं. 'कोण मी?'

'तुमचा मुलगा.'

'चोर काय, चोर आहे म्हणून सांगेल?'

बाबा बसमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाले तरी खाक्या तोच. मी आईचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, लहानपणी मला भोपू म्हणायचे तेही निमूटपणे लिहिलं.

'हे सगळं चोरांना सापडतं. मुलाने सांगितलंय.'

"कोणाशी गप्पा चालल्यात?" मालक मागून म्हणाले.

"वडिलांशी."

"आत्ता?"

पानावर पुढची ओळ उमटत होती. 'आज सकाळी दारात मी काय विचारलं?'

सकाळी मी बूट चढवत होतो, फोन खांद्याने कानाशी दाबलेला, पलीकडे मालकच. बाबा दारात उभे राहून काहीतरी बोलत होते. मी "हो, हो" म्हणत जिना उतरलो. काय विचारलं असेल? गोळ्या? विजेचं बिल? 'औषधं आणशील का' असं मी लिहिलं आणि पुसलं. ते पुसणंही तिकडे दिसत असणार. मागे मालकांचे बूट कुरकुरत होते. मला त्यांचा राग आला, मग बाबांचा आला आणि शेवटी स्वतःची लाज वाटली.

'माहीत नाही, बाबा. हो म्हणालो, पण ऐकलं नव्हतं.'

मागे मालकांची येरझार थांबली. मग अक्षरं येऊ लागली.

'मग तूच आहेस. बिनतिकीट माणसाकडे उत्तर तयार असतं. कर तुझं काम.'

फाइल आली. मालक तिच्यामागोमाग मशीनकडे धावले आणि थोड्या वेळाने ते धडधडू लागलं. नोकरी वाचली, पण जीव काही थाऱ्यावर येईना. मी पुन्हा त्या पानावर गेलो.

'काय विचारलं होतं, बाबा?'

तिकडे पत्ते हलायला लागले होते. हातातलं पान नीट जागेवर लावून झाल्यावर बाण सावकाश वर आला.

'घरी आलास की कळेल. हो म्हणून बसला आहेस.'